कोरी बाजू वर

"हिला विचारा, ही रोज जाते त्यांच्याकडं," असं कुणीतरी बोललं आणि सगळी माणसं एकदम माझ्याकडं वळली. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, कडेवर पिहू, तिला आत्ताच दवाखान्यातनं लस टोचून आणलेली, रडून रडून लाल झालेली, एका हातात दुधाची पिशवी, आणि आमच्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नाय एवढी माणसं. सगळी मढवी बाईंच्या दारात. पुढं सोसायटीचे सेक्रेटरी कदम काका. त्यांच्या एका हातात मोबाईल, त्यात बाईंचा मुलगा मंदार, बंगलोरहून व्हिडिओवर. दुसऱ्या हातात बाईंचं पुस्तक. पुस्तकावर एकवीरा आई, हळद-कुंकवासकट, आणि आत अमेरिकेतल्या मॉर्मन लोकांच्या धर्माचा ग्रंथ.

बाई दारात उभ्या होत्या. एक हात चौकटीवर.

"बोल गं रुपाली," कदम काका बोलले, "देवीचं चित्र लावून ह्या लोकांना फसवतात का नाय? तुला पण तेच वाचायला लावतात ना?"

पिहूनं माझी ओढणी तोंडात घातलेली. बाईंचा चेहरा माझ्या बाजूला होता, पण डोळे माझ्यावर नव्हते, जरा बाजूला, भिंतीवरच्या मीटरच्या डब्यावर. ते फक्त मला कळत होतं. मी काय बोलले ते सांगते, पण आधी बाई कोण ते सांगू द्या, नायतर तुमी पण त्या माणसांसारखं नुसतं कव्हर बघून ठरवाल.

मढवी बाई आमच्या शेजारच्या. कामोठ्यात आमी भाड्यानं राहतो. माझे मिस्टर कंटेनरच्या ट्रेलरवर, गेले की चार-पाच दिवस तोंड दिसत नाय, घरात मी आणि पिहू. बाईंचं घर स्वतःचं. मूळच्या त्या दिवाळे गावच्या, कोळी, वडलांची होडी होती. पण शिकल्या, शाळेत मराठी शिकवायला लागल्या, सगळा जन्म त्यातच गेला. नवरा वारला, मुलगा बंगलोरला कंपनीत. उंच, काळ्या, ताठ. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा आणि त्यात रोज एक तरी फूल, काय नाय तर गॅलरीतली सदाफुली. बोलायच्या एकदम शुद्ध. पण राग आला नायतर जोरात हसू आलं की गाव बाहेर यायचं. "कोन हाय?" "पानी दे गो." मग मला कळायचं, आता ह्या बाई नाय बोलत, दिवाळ्याची पोरगी बोलतेय.

मी आठवीपर्यंतच शिकलेली, तीपण ढकलत. आणि मला सगळ्याची भीती वाटते. लिफ्टची, बेलची, अनोळखी नंबरची. एकदा मोबाईलवर आलं की पोरं पळवणारी टोळी कामोठ्यात फिरतेय. मी कडी लावली, कडीला टॉवेल बांधला, पिहूला मांडीत घेऊन बसले ते दूधवाल्याला पण दार उघडलं नाय. दुपारी बाईंनी बाहेरनं हाक मारली. मी आतनंच सगळं सांगितलं, एका दमात, टोळी, गाडी, गुंगीचं औषध.

बाई बोलल्या, "कोण सांगतंय?"

"ग्रुपवर आलंय."

"ग्रुपला तोंड असतं का? कोण सांगतंय ते विचार. कुणी पाहिलं ते विचार."

मी फोन लावत सुटले. मला जिनं पाठवलेलं तिला सानपाड्याच्या बहिणीकडनं, बहिणीला जावेकडनं, जावेला विचारलं तर ती बोलली मला काय माहीत, सगळे पाठवतात म्हणून मी पाठवलं. बाई दाराबाहेर स्टूल टाकून बसलेल्या, तेवढा वेळ. बोलल्या, "बघ. गोष्ट आहे आणि सांगणाराच नाही. अशा गोष्टीला भ्यायचं नसतं. आता दार उघड. आणि आधी दम घे."

हे दोन त्यांचे कायमचे. कोण सांगतंय, आणि दम घे.

तिसरं म्हणजे कव्हर. घरात कुठलंही पुस्तक आलं की त्याला कव्हर. जुन्या कॅलेंडरचं गुळगुळीत पान घ्यायचं, छापलेली बाजू आत, कोरी बाजू वर, कोपरे दुमडायचे, गोंद नाय, टेप नाय. गॅसचं पुस्तक, लाईटबिलाची फाईल, पिहूचं प्राण्यांच्या चित्रांचं पुस्तक, सगळं पांढरंशुभ्र. मी एकदा बोलले, बाई, प्राणी झाकले तर पोर बघणार काय? "आत बघेल," बाई बोलल्या. "बाहेर जाताना आपण परकरावर जातो का? पुस्तकाला पण लाज असते." आमच्या लग्नाच्या अल्बमला पण त्यांनीच कव्हर घालून दिलंय. वर लाल पेनानं नाव घातलंय, अक्षर असं की मिस्टर बोलले, पत्रिकेवर पण एवढं चांगलं नव्हतं.

आता ते पुस्तक. बाई सानपाड्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेल्या होत्या, हे मला मागनं कळलं, तेव्हा मला "कामाला गेले होते" एवढंच बोलल्या. तिथं बाकावर बाजूला दोन गोरी पोरं बसलेली, पांढरे शर्ट, काळे टाय, छातीला नावाच्या पट्ट्या. एकाचे डोळे आलेले, सशासारखे लाल. दुसरा पुस्तक वाचत बसलेला. बाईंना कुणी पुस्तक घेऊन बसलेलं दिसलं की गप्प बसवत नाय. काय वाचतोस, दाखव. असं करत बोलणं झालं, आणि त्या पोरांनी त्यांना हिंदीतलं एक दिलं. बाईंनी त्यांना चहाला बोलावलं.

चहाच्या दिवशी मी होते तिथं, मीच केला चहा, आलं घालून. पोरं आली, मुंडी खाली घालून बसली. बाईंनी त्यांना जवळ घेऊन पट्ट्या वाचायला लावल्या. दोघांच्या नावापुढं एल्डर. बाई हसत सुटल्या. "एल्डर म्हणजे थोरले! मिशी फुटली नाय रं अजून, आनी थोरले!" मग एकाला थोरले आणि दुसऱ्याला धाकटे थोरले असंच नाव पडलं. पण चहा पुढं केला तर दोघांनी हात जोडले. नको. बाई बोलल्या, घ्या. नको. आणि बाईंचा चेहरा असा बदलला की मी ट्रे घेऊन तशीच उभी राहिले.

"का?" बाई बोलल्या. "माझ्या घरचा चालत नाही?"

शाळेत असताना त्यांच्या बाजूला बसणाऱ्या पोरी नाकाला रुमाल लावायच्या, मासळीचा वास येतो म्हणून. एका मैत्रिणीच्या घरी तिच्या आईनं ह्यांचा कप वेगळा ठेवलेला, खिडकीत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, आणि परत विचारू नकोस बोललेल्या. ते सगळं त्या एका "का"मध्ये होतं. पोरांना काय कळणार? ती घाबरून लाल झाली. धाकटे थोरले मोडक्या हिंदीत सांगायला लागले की आमच्या धर्मात चहाच पीत नाहीत, कुणाच्याच घरचा नाय, आमची आई पण पीत नाय.

"आईपण नाही?"

"नहीं, मैडम. कभी नहीं."

"अरेरे," बाई बोलल्या, एकदम खऱ्या दुःखानं, "मग ती दुपारी करते काय?"

मग कोकम सरबत झालं. थोरले ग्लासावर ग्लास प्यायले, आणि बाईंनी हट्टानं सुक्या जवळ्याची चटणी खायला घातली तेव्हा दोघांच्या डोळ्यांतनं धारा. जाताना पोरं बोलली, हे पुस्तक खरं आहे का ते तुम्ही देवाला विचारा, तो सांगेल. बाई बोलल्या, "बाळांनो, गोष्ट खरी का खोटी हे मी कधी देवाला विचारलं नाही. मी गोष्टीलाच विचारते. कोण सांगतंय, कुणाला सांगतंय, आणि काय लपवतंय. देवाचं म्हणाल तर मला एकवीरा आई आहे. ती जागची हलायची नाही. पण पुस्तक ठेवते. ह्यात एक जण आहे, तो मला सोडत नाही."

ती पोरं परत आली नाहीत, कुठल्या दुसऱ्या गावाला पाठवली त्यांना. पण खालच्या वॉचमननं टायवाले गोरे बघितले होते. त्यानं कुणाला सांगितलं, त्यानं अजून कुणाला.

बाईंना दिसत नाय हे मला असं कळलं. एकदा संध्याकाळी लाईट गेली. मी पिहूला घेऊन मेणबत्ती मागायला गेले. दार उघडंच होतं. आत अंधार, आणि त्या अंधारात बाई खुर्चीत बसून पुस्तक वाचत होत्या. पान उलटलं. थोड्या वेळानं दुसरं उलटलं. मी बोलले, "बाई, लाईट गेलीय."

बाईंचा हात पानावरच थांबला. "गेली का?" त्या बोलल्या.

मग मला सगळं एकेक आठवायला लागलं. चहात मीठ पडलं होतं ते. चष्मा सापडत नाही, जरा हे बिल वाच गं, ते. दार उघडताना माझ्या आधी पिहूला हाक मारायच्या, कारण तिचं पैंजण वाजायचं, ते. डॉक्टरनं सांगितलेलं, पडदा गेलाय, आता फक्त कडेनं थोडं धुरकट राहील, मग तेपण नाय. पुस्तक त्यांनी डोळे होते तेव्हा एकदा वाचून काढलं होतं, भिंग लावून. आता नुसती पानं उलटायच्या, सवय म्हणून.

"कुणाला सांगू नकोस," बाई बोलल्या. "मंदारला कळलं तर मला एक दिवस इथे ठेवणार नाही. बंगलोरला बारावा माळा आहे त्याचा. सून चांगली आहे, पण दोघं सकाळी जातात ते रात्री येतात. तिथे मी मराठी कुणाशी बोलू? भिंतीशी? इथे मला जिना माहीत आहे, गॅस माहीत आहे, भाजीवाल्याचा आवाज माहीत आहे. माझ्या घरात मला दिसतं, रुपाली. दुसरीकडे मी आंधळी होईन."

मला एवढं भरून आलं की मी काय करतेय ते कळलं नाय. मी पिहूच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलले, "पिहूची शपथ, कुणाला सांगणार नाय."

"काढ तो हात!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की पिहू दचकली. "पोराच्या डोक्यावर हात ठेवून कधी काय बोलू नये, येडी हायस का गो?" मी हात काढला. पण बोलून तर झालं होतं.

त्यानंतर रोज दुपारी पिहू झोपली की मी त्यांना वाचून दाखवायला जायचे. मी बोलले होते मला हिंदी नीट येत नाय. बाई बोलल्या, अक्षर तर आपलंच आहे, तू अक्षर वाच, अर्थ मी बघते. मी अडखळायचे, दोन-दोन ओळी एकदम गिळायचे, भीतीनं. त्या पुस्तकात लिहिणारा घडोघडी लिहितो, मग असं झालं, मग असं झालं. मी कंटाळून ते सोडून द्यायला लागले. बाईंनी लगेच पकडलं. "खाऊ नकोस ते. अगं, तो कागदावर नाही लिहीत. धातूच्या पत्र्यावर खरवडतोय. एकेक अक्षर जड. तरी तो ते पुन्हा पुन्हा लिहितो. का?"

"का?"

"मला वाटतं, तिथे तो दम घेतो. हात दुखतो ना. पुढचं सांगायचं असतं आणि भीती वाटत असते. मग असं झालं, म्हणायचं आणि हात झटकायचा. तू पण तिथे थांब."

मी थांबायला लागले. खरं सांगते, शाळेत मला कुणी सांगितलंच नव्हतं की वाचताना थांबायचं असतं. मला वाटायचं जो न थांबता वाचतो तो हुशार.

गोष्ट अशी आहे की एक बाप स्वप्न पडलं म्हणून घरदार सोडून, बायको-पोरं घेऊन रानात निघतो. चार पोरगे. मोठे दोघं कुरकुर करतात, धाकटा बापाचं ऐकतो. मग ते जहाज बांधून समुद्रापार जातात, आणि तिकडं भावाभावांची दोन कुळं होतात, आणि पुढं सगळं पुस्तकभर ती एकमेकांना मारत राहतात. मला वाटलं धाकटा हिरो. बाई बोलल्या, "कोण सांगतंय?" मी बघितलं, तर धाकटाच सांगत होता. "मग? पत्रा त्याच्या हातात होता, म्हणून तो गुणी. थोरल्यांच्या हातात असता तर? म्हातारा बाप स्वप्न बघतो आणि भरला संसार सोडायला लावतो. मी थोरली असते तर मी पण कुरकुर केली असती."

जहाज बांधायचं पान आलं तेव्हा तर त्या हसून हसून मागं कलंडल्या. "ह्या लिहिनाऱ्यानं होडीला हात लावला नाय कदी! फळ्यांच्या फटी कशानं बुजवल्या ते कुठं हाय? तेल कुठलं लावलं? माजा बा असता तर बोलला असता, ह्या जहाजात तू बस, मी किनाऱ्यावरनं बगतो." मग डोळे पुसून बोलल्या, "पण वादळ चांगलं लिहिलंय हं. वादळ त्याने पाहिलंय कुठेतरी. घरातलं असेल."

आणि मी एकदा आपणहून विचारलं. मी बोलले, बाई, ह्यात बाया कुठं आहेत? नुसतं बायको-पोरं घेऊन निघाले, बायको-पोरं घेऊन निघाले. एक ती आई सोडली तर त्यांची नावं पण नाहीत. बाई एकदम ताठ बसल्या. उठून, भिंतीला हात लावत आत गेल्या आणि मला बेसनाचा लाडू आणून दिला, शाळेत बक्षीस देतात तसा. बोलल्या, "आता तू वाचायला लागलीस." मग मला त्या आईचं पान परत काढायला लावलं. पोरांना बाप परत शहरात पाठवतो, धोक्याच्या कामाला, ती येत नाहीत. आईला वाटतं मेली. ती नवऱ्याला तोंडावर बोलते की तू स्वप्न बघत राहिलास आणि माझी पोरं गेली. "तिला एकदाच नीट बोलायला दिलंय," बाई बोलल्या. "मोठ्याने वाच." मी वाचलं. माझे मिस्टर तेव्हा तिसऱ्या दिवशी पण फोन उचलत नव्हते. मी वाचताना रडले, आणि बाई दम घे पण बोलल्या नाहीत.

पण ज्याच्यासाठी त्यांनी पुस्तक ठेवून घेतलेलं तो माणूस शेवटी येतो. मी तिथपर्यंत पोचलेच नाय, बाईंनी तोंडी सांगितलेलं. शेवटी सगळी माणसं लढून मरतात. बाप मरतो, गावं मरतात. एकटाच उरतो. मागं मारेकरी, खायला नाय, सगा-सोयरा नाय. आणि तो तरी लिहितो. कुणासाठी? जे अजून जन्माला पण आले नाहीत त्यांच्यासाठी. आणि लिहिताना घाबरतो, की आम्हाला बोलता येतं तसं लिहिता येत नाही, पुढची माणसं आमच्या लिहिण्याला हसतील. "एवढी पुस्तकं वाचली," बाई बोलल्या, "पण मरताना लिहिण्याच्या चुकांची लाज वाटणारा हा एकच भेटला. मला त्याच्या धर्माचं काही माहीत नाही. पण तो माझ्या वर्गात असता तर मी त्याला पुढच्या बाकावर बसवलं असतं. तुझ्या शेजारी."

म्हणून मी हे लिहायचं धाडस करतेय. हसलात तरी चालेल.

आता त्या दिवसाचं. पुस्तकाचं जुनं कव्हर फाटलं होतं. सकाळी मी पिहूला घेऊन लस द्यायला गेले, तिथं मोठी लाईन. माझी वाट बघून बाईंनी स्वतःच नवं कव्हर घातलं. कॅलेंडरचं पान घेतलं, बोटांनी चाचपलं. तुमी बघा चाचपून, जाड गुळगुळीत कागदाच्या दोन्ही बाजू बोटाला सारख्याच लागतात. त्या महिन्याच्या पानावर एकवीरा आई होती. बाईंना वाटलं कोरी बाजू वर आहे. मग पुस्तक घेऊन, कठड्याला धरून, खाली कंपाऊंडमधल्या बाकावर माझी वाट बघत बसल्या.

कदम काका पूजेची फुलं घेऊन येत होते. त्यांनी आईचं चित्र बघितलं. चप्पल काढली. पुस्तक बाईंच्या मांडीवरनं उचलून कपाळाला लावलं, दोनदा, आणि विचारलं, बाई, कुठली पोथी? देवीची? बाई बोलल्या, नाही हो, मॉर्मन लोकांचा ग्रंथ आहे, वाचा, छान आहे. आणि कदम काकांनी उघडलं.

ते कपाळाला लावलेलं त्यांना सहन झालं नाय, दुसरं काय नाय. वाईट माणूस नाय तो. पिहूला ताप आला तेव्हा रिक्षा त्यांनीच आणून दिलेली. पण चार माणसांदेखत त्यांनी डोकं टेकवलं होतं, आणि आता त्यांना वाटलं आपल्याला फसवलं. मग वॉचमनचे गोरे निघाले, मग कुणी बोललं ही लहान पोरांना पण बोलावते, बाई उठून वर आल्या तर सगळे मागोमाग, काकांनी मंदारला व्हिडिओ लावला, आणि मी वर पोचले तेव्हा सगळे दारात.

"कव्हर आहे ते," बाई सांगत होत्या, "मी प्रत्येक पुस्तकाला घालते. कोरी बाजू वर आहे, त्यात कुणाचा काय अपमान?"

"कोरी?" कदम काकांनी पुस्तक त्यांच्या तोंडासमोर धरलं. "ही कोरी? तोंडावर खोटं बोलता?"

आणि मी बाईंचा चेहरा बघितला. त्यांना कळलं. चौकटीवरची बोटं पांढरी झाली. काय छापलेलं होतं ते आठवत असणार. एक शब्द बोलल्या असत्या, मला दिसत नाही हो, तर सगळं तिथंच मिटलं असतं. नाय बोलल्या. मोबाईलमध्ये मंदार "आई, काय चाललंय? आई?" करत होता, त्याच्यासमोर नाय बोलल्या. फसवी म्हणा, बाटगी म्हणा, पण घरात राहू द्या. मागनं एक जण पोलिसला फोन लावा बोलला. दुसरा बोलला, घर खाली करायला सांगा. तेव्हाच ते कुणीतरी बोललं, हिला विचारा.

पिहूच्या डोक्याचा वास माझ्या नाकात. त्याच डोक्यावर माझा हात होता त्या संध्याकाळी.

मी बोलले, "त्यांना दिसत नाय."

कुणालाच कळलं नाय आधी. मी परत बोलले, मोठ्यानं, रडत, "त्यांना दिसत नाय, काका! कोरी कुठली, छापलेली कुठली, त्यांना कळत नाय! मी वाचून दाखवते म्हणून जाते! गोष्टीचं पुस्तक म्हणून वाचतो आमी!"

कदम काकांचा पुस्तकवाला हात हळूहळू खाली आला. आणि मोबाईलमधनं मंदार बोलला, "आई, इकडे बघ. किती बोटं आहेत?"

त्यानं तिकडं हात वर केलेला. सगळी माणसं त्या हाताकडं बघत होती. बाई मीटरच्या डब्याकडं.

"हात खाली कर मंदार," बाई बोलल्या. "मी काय तुझी वर्गातली मास्तरीण आहे?" पण आवाज शाळेतला नव्हता.

मग आत गेल्या, भिंतीला हात न लावता, आणि टेबलाला धडकल्या.

कुणी माफी-बिफी मागितली नाय. सगळे आपापल्या चपला शोधत गेले. कदम काकांनी देवीचं चित्र हळूच काढून घेतलं, विसर्जन करायला, आणि उघडं पुस्तक आमच्या दोघींच्या दारांच्या मध्ये जिन्यावर ठेवून गेले. मी नंतर बाईंची बेल वाजवली. दुसऱ्या दिवशी पण वाजवली. आतनं हाक यायची, "कोन हाय?" मी बोलले की मी आहे, की पुढं काय नाय. दार नाय उघडलं. पिहूला लसीचा ताप आला, सगळ्याच पोरांना येतो, नर्सनं सांगितलंच होतं. पण मी तिच्या कपाळावरचा हात काढू शकले नाय, आणि तोच हात तिथं ठेवायची पण भीती वाटत होती.

मंदार आला. दोन दिवसांत सामान बांधलं. घर विकायला काढलं.

निघायच्या दिवशी मी घरातलं कॅलेंडर उतरवलं, पान फाडलं आणि पुस्तकाला कव्हर घातलं. माझे कोपरे त्यांच्यासारखे येत नाहीत, तीनदा केलं. खाली पळाले. गाडी चालू झालेली. बाई मागच्या सीटवर, ताठ, केसांत फूल नव्हतं. मी खिडकीतनं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी बोटं फिरवली, कोपऱ्यावर थांबल्या, माझी दुमड ओळखली.

"कोरी बाजू वर आहे ना?" बाई बोलल्या.

"हो बाई."

"नीट बघ."

"बघितलं बाई. कोरीच आहे."

त्यांनी मान माझ्याकडं वळवली, थोडी चुकीच्या बाजूला, आणि परत बोटं फिरवायला लागल्या, हळूहळू, त्या पांढऱ्या कागदावरनं, जसं काय मी खरं बोलतेय का ते बोटांनीच बघतायत. मंदारनं काच वर केली. शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलंच होतं. तिकडं ते कोण वाचणार?

शेजारचं दार आता बंद असतं. पिहू अजून जाता-येता पैंजण वाजवत तिथं थांबते.

मला कुणीतरी सांगा. गप्प राहिले असते तर बाई खोटारड्या ठरल्या असत्या, पण कदाचित घरात राहिल्या असत्या. बोलले, तर खऱ्या ठरल्या आणि गेल्या. समोर एवढी माणसं, दारात त्यांचा हात, आणि कडेवर तीच पोर जिची शपथ घेतलेली. तुमी माझ्या जागी असता, तर काय केलं असतं?